काचेतली वाकळ

अशोकचं इंग्लंडला ऑफिसचं काम निघालं तेव्हा तो मला म्हणाला, "आई, चल माझ्याबरोबर. चार दिवस जास्तीची रजा घेतो. तुझं जुनं गाव दाखवतो." मी हो म्हटलं. मग स्वयंपाकघरात तो बायकोला सांगत होता, "शी विल लव्ह इट." दोघांना वाटलं, म्हातारीला जुन्या दिवसांची ओढ लागलीय.

ओढबिढ काही नव्हती. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या त्या बाजाराच्या गावात मी सात वर्षं काढली, पण ते गाव माझं कधीच नव्हतं. मला तिथून माझी वाकळ आणायची होती. वाकळ म्हणजे गोधडी. आमच्या कऱ्हाडच्या बाजूला वाकळ म्हणतात. ती मी तिथे शिवली आणि मला न विचारता ती दुसऱ्याला देऊन टाकली गेली. त्याला वीस वर्षं झाली. एवढी वर्षं मी गप्प बसले, कारण ज्यांनी दिली त्यांच्याच घरात मला राहायचं होतं. आता ते नाहीत.

जायच्या आधीच्या रविवारी इथे अमेरिकेत, नोव्हायला मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. एक डॉक्टरीण म्हणाली, "काकू, किती लकी तुम्ही, मुलगा युरोपला नेतोय." मी म्हटलं, "युरोपला नाही, वसुलीला." सगळ्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

गाव बघितलं आणि पहिला राग आला तो दगडांचा. मी होते तेव्हा ते गाव काळं होतं. घरं काळी, देऊळ काळं, पूल काळा, भर चौकात जो दगडी क्रूस आहे तोही चुलीतल्या लाकडासारखा काळा. गिरण्यांच्या आणि घराघरांतल्या कोळशाचा शंभर वर्षांचा धूर त्यावर बसलेला. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तासाभरात काजळीचे ठिपके पडायचे. हिवाळ्यात तीच चादर दोरीवर गोठून फळीसारखी उभी राहायची आणि मी ती काखेत धरून, दार उचलून आणावं तशी वर घेऊन यायची. आता सगळं घासून, मशीन मारून पिवळं केलंय. खिडक्यांत कुंड्या, दुकानांवर सोनेरी अक्षरं, चौकात गाड्या उभ्या करायला पांढरे पट्टे. जिथे मेंढ्यांचा लिलाव व्हायचा तिथे चहाचं दुकान. अशोक म्हणाला, "वॉव, किती क्यूट आहे ना?" मी नाकाने श्वास घेतला. कसलाच वास आला नाही.

वासाचं गाव होतं ते. मंगळवारी बाजार भरायचा. आदल्या दिवशीपासून मेंढ्या यायला लागायच्या आणि ओल्या लोकरीचा, लेंड्यांचा, तेलकट असा वास रस्त्यारस्त्यांतून चढायचा. त्यात गिरणीचा वास मिसळायचा, लोकर उकळण्याचा. त्यात तळणीच्या चरबीचा. चीज कापणारा माणूस तारेने कापायचा, साबणाच्या वड्या पाडाव्यात तसा. समुद्राकडून मासेवाला यायचा, त्याच्या बर्फाचं पाणी फरसबंदीच्या फटींतून वाहत माझ्या चपलांखाली यायचं. मोज्यांवर चपला, नऊवारी लुगडं आणि वर ह्यांचा जुना पुरुषी ओव्हरकोट, अशी मी बाजारात जायची. मी आले की बाजार जरा हळू व्हायचा. मग परत चालू व्हायचा.

एक चिनी मातीची भांडी विकणारा होता. तो अख्खा डिनर सेट, बारा ताटल्या, पंख्यासारखा हातावर रचून हवेत उडवायचा आणि खणकन झेलायचा. एकही फुटायची नाही. ते बघायला मी दर मंगळवारी उभी राहायची. त्या गावातली तेवढी एक करमणूक मला समजत होती.

आणि चिंध्यांची गाडी. गिरण्यांतला उरलेला माल, सुटाच्या कापडाचे नमुने. गिऱ्हाइकाला दाखवायला वीतभर तुकडे कापतात, कडा दातेरी करतात, ते मोसम संपला की फेकून द्यायचे. राखाडी, तपकिरी, शेवाळी. माशाच्या काट्यासारख्या विणीचे, चौकड्यांचे. हात फिरवला की मांजराच्या पाठीसारखं वाटायचं. हे त्यातल्याच एका गिरणीत मागांचं काम बघायचे. इचलकरंजीत शिकलेले, इंग्लंडला जाऊन साहेब झालेले. मी चिंध्या उचलते याची त्यांना लाज वाटायची. "लोक काय म्हणतील," म्हणायचे. लोक काय म्हणायचे ते मला माहीत होतं. भाजीवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळे मला "लव्ह" म्हणायचे, आपल्याकडे ताई-बाई म्हणतात तसं. "काय देऊ, लव्ह?" ह्यांना त्याचाही राग यायचा.

वाकळीचं कारण सांगते. माझी आई गेली तेव्हा मी इंग्लंडात होते. तार आली ती ह्यांनी पंधरा दिवस कोटाच्या खिशात ठेवली. मी रोज तो कोट झटकून खुंटीला लावत होते. तारेनंतर तीन महिन्यांनी भावाने पाठवलेलं पार्सल बोटीने आलं. पोत्याच्या तुकड्यात शिवलेलं. आत आईचं इरकल होतं, हिरवं, लाल काठाचं. धुवून पाठवलं होतं. तरी त्याला चुलीचा वास होता आणि कनवटीला सुपारीचा डाग. ते मी नेसले नाही. गेलेल्या माणसाचं लुगडं आमच्याकडे वाकळीत घालतात. ते थरांच्या मधोमध जातं, बाहेरून दिसत नाही. लेकरं त्याखाली निजतात. म्हातारी गेली तरी पांघरूण घालतेच, असं आमच्या बायका म्हणायच्या. मला बाकी देवाधर्माचं फार नाही, पण ते खरं वाटायचं.

जमिनीवर पसरून, वर बसून मी ती शिवली. खाली आमची घरमालकीण मिसेस थॉर्प राहायची, एकटी, विधवा, छातीचा त्रास असलेली. ती कोळशाची बादली घेऊन वर आली आणि दारातच थांबली. त्यांच्याकडे बायका लाकडी चौकटीला ताणून, खुर्चीवर बसून गोधडी शिवतात. ही बाई आपल्याच गोधडीवर बसलीय.

"चौकट कुठे आहे, लव्ह?"

मी माझ्या मांडीवर थाप मारली. ती इतकी हसली की तिला खोकला लागला. मग रोज दुपारी येऊन खिडकीपाशी बसायला लागली. माझं इंग्रजी तेव्हा चार शब्दांचं. तिला लसणाच्या फोडणीचा त्रास व्हायचा, थंडीतही खिडकी उघडून ठेवायची, आणि शिव्या दिल्यासारखी शिंकायची. पण यायची. मी कडेकडेने टाके घालत आत आत जात होते, घराला फेऱ्या मारत उंबऱ्याशी यावं तशी. ती नुसती बघायची.

एक कोपरा शेवटपर्यंत उघडा ठेवतात, तो शिवायच्या आधी वाकळीला घास द्यायचा असतो. आत भाकरीचा तुकडा ठेवून तोंड शिवतात. ती उपाशी राहिली तर पांघरणाऱ्याला ऊब लागत नाही. ज्वारी तिथे कुठली मिळायला. मी चपातीचा तुकडा घातला. मिसेस थॉर्पने ते बघितलं. मला वाटलं विचारेल. तिने उठून खालून स्वतःच्या पावाचा कुडका आणून दिला. तो मी घेतला नाही. आईचं लुगडं होतं आत, तिला पाव चालला नसता. मिसेस थॉर्पने तो कुडका चहात बुडवून खाल्ला.

अशोक त्या वाकळीखाली वाढला. त्याच्या गालावर माशाच्या काट्याच्या विणीचे वळ उठायचे, सकाळी मी ते बोटाने पुसल्यासारखं करायची.

मग ह्यांना अमेरिकेत, डेट्रॉइटकडे, मोटारींच्या गाद्यांचं कापड विणणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली. सामान बांधायचा दिवस होता आणि मी बाजारात शेवटची बिस्किटं आणायला गेले होते. इथे येऊन पेटी उघडली, तर वाकळीच्या जागी ह्यांची गिरणीची जाडजूड पुस्तकं. विचारलं तर म्हणाले, "मिसेस थॉर्पला दिली. म्हातारी किती करायची आपलं. आणि तिकडे हीटर असतो, चिंध्यांचं ओझं कशाला?"

मी म्हटलं, "आत माझी आई होती."

ते म्हणाले, "काहीतरी बोलू नकोस."

यावर मी आणखी काही लिहीत नाही. हीटर चांगला होता. पाइप रोज खाडखाड वाजायचे. दुकानातून आणलेल्या गुलाबी रजया हलक्या होत्या, पायावरून घसरायच्या. बाहेर मिशिगनचं बर्फ, आत कोरडी हवा, हात फुटलेले. वीस हिवाळे मी दुसऱ्याच्या ऊबेत काढले.

त्या गावात आमचं जुनं घर सापडलं. दार आता निळं. शेजारची बाई बाहेर पितळी मूठ घासत होती. तिने सांगितलं, मिसेस थॉर्प जाऊन आठ वर्षं झाली, भाचीने घर विकलं, आणि जुनं सामान बाजार-हॉलच्या माडीवर नवं म्यूझियम झालंय तिकडे दिलं. अशोक मला म्हणाला, "सॉरी आई. आय मीन, निदान घर तरी पाहिलंस." मी हॉलकडे चालायला लागले होते.

माडीवर मेंढ्या कातरायच्या कात्र्या, लोण्याच्या रव्या, गिरणीचा भोंगा. आणि मागच्या भिंतीवर काचेच्या पेटीत, उभी टांगलेली, माझी वाकळ. उभी. कपडा वाळत घालतात तसा पण वाळत नसलेला. खाली पाटी. अशोकने वाचून दाखवली. "डोंगराकडची पारंपरिक गोधडी. गिरणीच्या कापडाची. बहुधा मिसेस ई. थॉर्प यांनी केलेली."

"परत वाच," मी म्हटलं.

त्याने परत वाचली. "बहुधा" त्याने हळू वाचला.

म्यूझियमचा माणूस तरुण होता, दाढीवाला, कोपराला ठिगळ लावलेला स्वेटर. ठिगळं मुद्दाम लावलेली होती. अशोक त्याला सांगू लागला, माय मदर बिलीव्ह्ज, म्हणजे तिला असं वाटतं. मी अशोकला म्हटलं, "वाटत नाही. सांग, माझी आहे."

"आई, प्लीज, सीन नको करूस."

"मी अजून सुरुवात केलेली नाही."

माणूस सभ्य होता. म्हणाला, ही पद्धत इथलीच वाटते, कडेकडेने टाके मात्र विचित्र आहेत, आम्हालाही कोडं होतं. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, चौकट नाही, जमिनीवर, बसून. तो वहीत लिहून घ्यायला लागला. लिहिणं त्याचं चालूच. मला त्याच्या वहीत जायचं नव्हतं. मी म्हटलं, तो डावा खालचा कोपरा. त्यात टणक काहीतरी आहे.

त्याने लिहिणं थांबवलं. खणातून एक कार्ड काढलं, बघितलं, आणि अशोककडे वळून म्हणाला, त्या कोपऱ्यात एक गाठ लागते खरी. आम्ही तिला जुन्या दुरुस्तीचा बोळा समजलो.

"चपाती आहे ती," मी म्हटलं. अशोकने ते इंग्रजीत सांगितलं. दाढीवाला एक पाऊल मागे गेला. काचेच्या आत खायची वस्तू आहे, किडे लागतील, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मग त्याने किल्ली आणली, पांढरे हातमोजे चढवले आणि कोपरा दोन बोटांत धरला. एका जागी राखाडी तुकडा विरला होता. त्याखाली हिरवं दिसत होतं, बोटभर, आणि त्याच्या कडेला लाल.

मी हात पुढे केला. तो म्हणाला, मॅडम, प्लीज, हाताला तेल असतं.

माझ्या आईच्या लुगड्याला माझ्या हाताचं तेल चालत नाही. मी मराठीत जे बोलले ते अशोकने सांगितलं नाही. दाढीवाल्याला समजलं असावं, त्याने मान खाली घातली.

मग त्याने एक गोष्ट सांगितली. भाची म्हणाली होती, मावशी शेवटची चार वर्षं पलंगावरच होती, आणि ही गोधडी तिने अंगावरून काढू दिली नाही. धुवायला न्यायची म्हटलं तरी नाही. तिच्या अंगावरूनच काढली.

मी खुर्ची मागितली. अशोकला वाटलं मला भोवळ आली. भोवळ नव्हती. मी तिच्यावर रागवायला अमेरिकेहून आले होते, आणि तो राग ठेवायला जागा उरली नव्हती. तिच्या छातीवर माझी आई चार हिवाळे होती. ते काम तिने केलं. त्याला माझं काही म्हणणं नाही. पण ती मेली त्या दिवशी ते काम संपलं, आणि दुसऱ्या दिवशी वाकळ माझ्याकडे यायला हवी होती. भिंतीवर जायला नको होती. मेलेल्याला भिंतीवर टांगून पाटीवर दुसऱ्याचं नाव लावणं, याला काय म्हणतात ते मला शाळेत शिकवलं नाही. चारच इयत्ता झाल्या माझ्या.

"द्या," मी म्हटलं.

तो म्हणाला, माझ्या हातात नाही, समितीपुढे ठेवावं लागेल. मी म्हटलं, काच उघडी आहे, हातमोजे तुमच्या हातात आहेत, मग कोणाच्या हातात आहे? अशोकने माझा दंड धरला. घट्ट नाही, पण धरला. दाढीवाल्याने पेटी बंद केली आणि किल्ली फिरवली. किल्लीचा आवाज अगदी छोटा होता.

बाहेर तो मंगळवारच होता. चौकात चार गाड्या लागल्या होत्या, लाकडी खेळणी, मेणबत्त्या, घरगुती मुरंबा. अशोकने मला मुरंबा घेऊन दिला. गाडीत तो म्हणाला, "आई, बट थिंक ऑफ इट, म्यूझियममध्ये आहे. प्रिझर्व्ह होईल. आपल्या बेसमेंटमध्ये काय झालं असतं?"

"कोणीतरी पांघरली असती," मी म्हटलं.

त्याने गाडी चालू केली. बाहेर मेंढ्या होत्या, डोंगरावर तशाच, पाठीवर निळे-तांबडे शिक्के मारलेल्या. त्यांचा मला वास येत होता की आठवत होता ते सांगता येत नाही. काच बंद होती.

दोन महिन्यांनी नोव्हायच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. अशोकने उभ्याउभ्याच वाचलं आणि हसत म्हणाला, "आई, यू वन. ते पाटी बदलताहेत. तुझं नाव लागणार. साडीतला फोटो मागितलाय." सोबत एक कागद होता. मी त्याला बसून सगळा वाचायला लावला, एक ओळ न सोडता. वरच्या भागात लिहिलं होतं की या वस्तूवर माझा कसलाही हक्क नाही आणि पुढे सांगणार नाही, आणि त्याच्याच खाली माझ्या सहीची जागा. खालच्या भागात वस्तू करणाऱ्याचं नाव, आणि तिच्यात ज्यांचे कपडे वापरले असतील त्यांची नावं.

सून म्हणाली, "आई, किती स्वीट आहेत ते लोक." तिने कॅमेरा शोधायला घेतला.

अशोकने टेबलावर पेन काढलं. "मी भरतो, तू साइन कर." खालच्या भागातल्या पहिल्या ओळीवर त्याने माझं नाव लिहिलं, सुबक, इंग्रजीत. दुसऱ्या ओळीवर पेन टेकवलं आणि थांबला.

"आजीचं नाव काय होतं?"

तीस वर्षांचा झाला. सहा वर्षं तिच्याखाली झोपला. त्याने पेन खाली ठेवलं. सून खणात शोधत होती ती थांबली.

"मी कधी विचारलं नाही," तो म्हणाला.

"मीही कधी सांगितलं नाही," मी म्हटलं. हे खरं होतं, आणि त्याचाही मला राग आला, तो माझा मलाच.

मी पेन घेतलं. त्याने लिहिलेलं माझं नाव खोडलं. दुसऱ्या ओळीवर मराठीत लिहिलं, सगुणा. माझं अक्षर मोठं आहे, ओळीत मावत नाही. खालची ओळही लागली. मग शिवणाच्या डब्यातली कात्री काढली आणि कागद मधोमध आडवा कापला.

"आई, दॅट्स अ लीगल डॉक्युमेंट."

"दिसतंय मला."

खालचा अर्धा त्याच्या हातात दिला. पाकिटात घाल म्हटलं. फोटो नाही, पत्र नाही. वरचा अर्धा, जिथे माझी सही हवी होती, तो कोराच माझ्याकडे ठेवला. त्यांना सांगायचं ते एवढंच होतं. ती तुमच्याकडे आहे. मी दिलेली नाही.